प्रकाश-स्विच ‘बंद’ केला तरी गळतोय? खड्डा सरकलाय की भरलाय, ते आधी बघा

“ताई, परत गेलं.” ज्युनिअर दारातून एवढंच सांगतो. काय गेलं ते विचारावं लागत नाही. सिलिकॉन फोटॉनिक चिपवरचा, म्हणजे सिलिकॉनच्या तुकड्यावर प्रकाशाची वाट बदलणारा स्विच सकाळी व्यवस्थित बंद होत होता, ज्या पोर्टवर (प्रकाश बाहेर पडायच्या तोंडावर) अंधार हवा तिथली गळती मुख्य पोर्टपेक्षा २९ डीबी (डेसिबल, दर १० डीबीला प्रकाश दहापट कमी) खाली होती. जेवून येऊन मोजलं तर १५ डीबी. मग स्विच चालवणारे सगळे हीटर पुन्हा स्वीप करायचे, म्हणजे त्यांची पॉवर हळूहळू फिरवून बघायची, व्होल्टेजचं नवीन टेबल भरायचं, संध्याकाळपर्यंत काम रेटायचं. आणि दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

या चक्रात आमचे कित्येक आठवडे गेले. ज्यांच्याकडे असाच सेटअप आहे त्यांचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. थोडक्यात सांगायचं तर, गळती वाढली की लगेच टेबल बदलायला धावू नका. टेबल बदललं की आकडा सुधारतो, पण कारण झाकलं जातं. आधी दोन गोष्टी बघा. दोन्ही पोर्टवरच्या प्रकाशाची बेरीज कायम आहे का? आणि खड्डा सरकलाय की भरलाय?

खड्डा म्हणजे काय ते सांगण्याआधी चिपबद्दल थोडं. आमची चिप ४×४ ची आहे, म्हणजे चार फायबरमधून येणारा प्रकाश कोणत्याही क्रमाने चार फायबरमध्ये पाठवता येतो. बेनेश मांडणी, म्हणजे दोन-दोन स्विचचे तीन स्तंभ, असल्यामुळे त्यासाठी दोन बाय दोनचे सहा स्विच पुरतात. प्रत्येक स्विच माख-झेंडर प्रकाराचा आहे. सुमारे ४५० नॅनोमीटर रुंद आणि २२० नॅनोमीटर जाड वेव्हगाइडमधून (प्रकाश वाहून नेणाऱ्या सिलिकॉनच्या पट्टीतून) आलेला प्रकाश एका कपलरमध्ये निम्मा-निम्मा विभागतो, दोन समांतर भुजांमधून जातो आणि दुसऱ्या कपलरमध्ये पुन्हा भेटतो. एका भुजेवर टायटॅनियम नायट्राइडचा हीटर आहे. भुजा तापली की त्यातल्या प्रकाशाची फेज, म्हणजे लाटेचा टप्पा, मागे पडते, आणि दोन्ही लाटा कोणत्या पोर्टवर एकमेकींना साथ देणार नि कुठे मारणार ते ठरतं. प्रकाश समोरच्या पोर्टला गेला तर बार स्थिती, तिरका गेला तर क्रॉस.

हे किती नाजूक आहे ते आकड्यांत बघा. सिलिकॉनचा अपवर्तनांक एका अंशाला साधारण ०.०००१८ ने वाढतो. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी २०० मायक्रोमीटर लांबीच्या भुजेत अर्ध्या तरंगाचा फरक पाडायचा तर ती भुजा दुसरीपेक्षा २१-२२ अंशांनी जास्त गरम हवी. आमच्या हीटरला त्यासाठी सुमारे २४ मिलिवॅट लागतात. आता ३० डीबीचा अंधार हवा असेल तर फेजमधली चूक ३.६ अंशांच्या आत हवी. हे अंश कोनाचे आहेत, तापमानाचे नव्हेत. हीटरच्या भाषेत ती चूक जेमतेम अर्धा मिलिवॅट होते. एवढ्या बारीक सुईच्या नेढ्यातून आपण रोज दोरा ओवतो आहोत.

हीटरची पॉवर शून्यापासून वाढवत नेली आणि एका पोर्टवरचा प्रकाश डीबीमध्ये आलेखावर काढला, तर एका ठिकाणी रेषा एकदम खाली जाते. तोच खड्डा. टेबलमध्ये आपण जे व्होल्टेज लिहून ठेवतो ते या खड्ड्याच्या तळाचं असतं. एक विनंती आहे, आलेखाचा आडवा अक्ष व्होल्टचा ठेवू नका, मिलिवॅटचा ठेवा. फेज पॉवरप्रमाणे बदलते आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे. व्होल्टवर काढलेला आलेख एका बाजूला आखडलेला दिसतो आणि खड्डा किती सरकला ते डोळ्यांना चुकीचं वाटतं.

आधी बेरीज

एका स्विचच्या दोन्ही पोर्टवर एकाच वेळी पॉवर मीटर लावा. दोन्ही वाटांची कपलिंगची तूट वेगळी असते, ती एकदा मोजून वजा करा. त्यानंतर दोघांची बेरीज मिलिवॅटमध्ये करा, डीबीमध्ये नाही. हीटर कसाही फिरवला तरी ही बेरीज जवळपास कायम राहायला हवी, कारण स्विच प्रकाश खात नाही, फक्त वाटून देतो.

बेरीजच कमी झाली असेल तर स्विचला दोष देऊ नका. प्रकाश चिपपर्यंत पोचत नाहीये किंवा चिपमधून बाहेर नीट निघत नाहीये. ग्रेटिंग कपलरवरून (चिपवरच्या ज्या बारीक रेघांच्या जाळीतून प्रकाश आत-बाहेर जातो तिच्यावरून) फायबर अडीच मायक्रोमीटर बाजूला सरकली की साधारण १ डीबी जातो, आणि अडीच मायक्रोमीटर म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याइतकं अंतर. एसीचा झोत स्टेजवर येत असेल तर एवढं सहज होतं. ग्रेटिंग एकाच पोलरायझेशनचा (एकाच दिशेने कंप पावणारा) प्रकाश नीट आत घेते, त्यामुळे टेबलावरची साधी सिंगल मोड फायबर कोणी हलवली तरी बेरीज खाली जाते. आम्ही सगळी फायबर टेबलाला टेपने चिकटवली, तेव्हापासून हा प्रकार निम्म्याने कमी झाला.

मुंबईतल्या पावसाळ्यासाठी एक वेगळी सूचना. चिपच्या खालचा पेल्टिअर (विजेने थंड-गरम करणारी पट्टी) २० अंशांवर ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. खोलीत २६ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू नेमका २० अंशांच्या आसपास येतो. जुलैमध्ये एकदा मायक्रोस्कोपखाली चिपकडे बघितलं तर कडेला बारीक थेंब धरले होते, आणि आम्ही दोन दिवस फायबरची अलाइनमेंट करत बसलो होतो. तेव्हापासून पेल्टिअर ३० अंशांवर आहे. चिपला थंड नाही, स्थिर ठेवायचं असतं.

सरकलाय की भरलाय

बेरीज जागेवर आहे आणि तरी गळती वाढली आहे, असं असेल तर त्या एका स्विचचा हीटर जुन्या टेबलच्या व्होल्टेजच्या दोन्ही बाजूंना हळूहळू फिरवा. इतर काहीही बदलू नका. लेझर, इतर हीटर, फायबर, सगळं बिघडलेल्या अवस्थेत जसं आहे तसंच राहू द्या. हे महत्त्वाचं आहे, कारण बरेच जण स्वीप घेताना बाकीचे हीटर बंद करतात आणि आजारच निघून जातो.

खड्डा पूर्वीइतकाच खोल आहे पण दुसऱ्या जागी गेला आहे, तर तो सरकला. फेज बदलली आहे, म्हणजे कारण उष्णतेत किंवा विजेत आहे. पण कुठेही नेला तरी तळ वरच राहतो, तर तो भरला. त्या पोर्टवर असा काही प्रकाश येतो आहे जो दुसऱ्या भुजेतल्या प्रकाशाकडून मारला जात नाही. या दोन आजारांची औषधं पूर्ण वेगळी आहेत आणि नुसत्या “१५ डीबी” या आकड्यावरून त्यांच्यातला फरक कळत नाही.

आमचा खड्डा सरकला होता. सकाळी ३.८ व्होल्टला होता, दुपारी ४.०३ व्होल्टला. खड्डा तेवढाच खोल, २९ डीबी.

आमच्याकडे सगळ्यांचा संशय एसीवर होता. दुपारी खोली तापते, चिप तापते, फेज हलते, असं सरळ गणित. पण आमच्या स्विचच्या दोन्ही भुजा समान लांबीच्या आहेत. अख्खी चिप दोन अंशांनी तापली तर दोन्ही भुजांची फेज सारखीच मागे पडते आणि फरक जवळपास शून्य राहतो. रिंग रेझोनेटर (ठरावीक तरंगलांबीच धरणारं वर्तुळाकार वेव्हगाइड) असता तर गोष्ट वेगळी, त्याची ती तरंगलांबी, म्हणजे रेझोनन्स, अंशाला ०.०७-०.०८ नॅनोमीटरने सरकतो आणि तिथे तापमानावर संशय घेणं रास्तच आहे. समान भुजांच्या माख-झेंडरमध्ये मात्र एवढा खड्डा सरकवायचा तर एक भुजा दुसरीपेक्षा दोन-अडीच अंशांनी वेगळी हवी, आणि दोघींमधलं अंतर काही दहा मायक्रोमीटरचं. खोलीच्या हवेला हे जमत नाही.

मग सकाळ आणि दुपार यांत फरक कशाचा? वही काढून बघितलं तेव्हा लक्षात आलं. सकाळी आम्ही एकेक स्विच कॅलिब्रेट करायचो, बाकीचे पाच शून्यावर ठेवून. दुपारी प्रत्यक्ष मार्ग जोडायचो, तेव्हा चार-पाच हीटर एकदम चालू. घड्याळाचा काही संबंध नव्हता. प्रश्न किती हीटर चालू आहेत याचा होता.

हे कळलं की पुढची चाचणी सोपी आहे. एक स्विच खड्ड्याच्या तळाशी ठेवा आणि बाकीचे हीटर एकेक करून चालू-बंद करा. दर वेळी खड्डा किती सरकला ते लिहा. उष्णता पाझरत असेल तर जवळचा हीटर जास्त सरकवेल, लांबचा कमी. आमच्याकडे शेजारच्या हीटरने ०.०८ व्होल्टने सरकवला. उरलेल्यांनी प्रत्येकी ०.०५. चिपच्या पार दुसऱ्या टोकाच्या हीटरनेही ०.०५ च. उष्णता अंतर बघून जाते. अंतर न बघणारी गोष्ट फक्त तारेतून येऊ शकते.

सगळ्या हीटरचा ग्राउंड (वीज परत जायची वाट) चिपवर एकत्र केलेला होता आणि प्रोब कार्डची (चिपच्या पॅडवर सुया टेकवून वीज देणाऱ्या कार्डाची) एकच सुई तो बाहेर आणत होती. मल्टिमीटरचं एक टोक चिपच्या ग्राउंड पॅडला जोडलेल्या रिकाम्या पॅडवर आणि दुसरं सप्लायच्या ग्राउंडला लावलं. पाच हीटर चालू असताना तिथे पाव व्होल्टच्या आसपास आकडा दिसला. तो शून्य असायला हवा होता. प्रत्येक हीटरमधून सुमारे ६ मिलिअँपिअर जातात, म्हणजे त्या एका सुईच्या टोकाशी ८ ओहमचा रोध होता. पॅड अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, त्यावर ऑक्साइडचा थर असतोच, सुई तो खरवडून आत टेकते. शेकडो वेळा टेकवलेल्या सुईच्या टोकाला तोच कचरा चिकटत जातो. मायक्रोस्कोपखाली ते टोक काळपट, बोथट दिसत होतं, शेजारच्या सुयांची टोकं चकचकीत.

बाकी चार हीटर चालू केले की चिपचा ग्राउंड ०.१९ व्होल्टने वर उचलला जायचा. सप्लाय ३.८ व्होल्ट देत होता, हीटरला मिळत होते जेमतेम ३.६. पॉवरमध्ये दहा टक्क्यांची घट, म्हणजे सव्वादोन-अडीच मिलिवॅट. त्यात शेजारच्या हीटरची पाझरलेली उष्णता मिळवा, आणि २९ चे १५ डीबी बरोबर होतात. हिशेब जुळला त्या क्षणी मला झालेला आनंद अजून आठवतो. इतके दिवस ज्याला आम्ही “ड्रिफ्ट” म्हणत होतो त्याचा एकेक मिलिवॅट कुठून आला ते कागदावर दिसत होतं.

उपाय दोन केले. सुई साफ केली आणि दुसऱ्या ग्राउंड पॅडवर आणखी एक सुई टेकवली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हीटर व्होल्टेजऐवजी करंट सोर्सने चालवायला घेतले. करंट ठरलेला असला की ग्राउंडच्या वाटेत किती ओहम आहेत याने हीटरची पॉवर बदलत नाही. नवीन सेटअप उभा करत असाल तर पहिल्या दिवसापासून करंटवरच चालवा असं माझं स्पष्ट मत आहे. व्होल्टेज सप्लाय स्वस्त आणि हाताशी असतो म्हणून सगळे त्याने सुरुवात करतात, आणि ही चूक जितकी जास्त हीटर तितकी वाढत जाते.

एवढं करून उरली ती खरी उष्णता. शेजारचा हीटर आमच्या स्विचला ०.४ मिलिवॅटइतका हलवतो. हे सुईने जाणार नाही, सिलिकॉनच उष्णता चांगली वाहून नेतो. पण फेज पॉवरशी सरळ प्रमाणात असल्यामुळे याचा हिशेब मांडता येतो. सहा हीटर, सहा स्विच, कोण कोणाला किती हलवतो याचे छत्तीस आकडे एकदा मोजायचे, त्यांचा मॅट्रिक्स उलटा करायचा आणि हव्या त्या फेजसाठी सहाही पॉवर एकदम काढायच्या. एक दिवसाचं काम आहे. जपानच्या एआयएसटी संस्थेने ३२×३२ ची सिलिकॉन चिप केली आहे, तिच्यात असे १०२४ स्विच आहेत. तिथे हाताने टेबल भरत बसण्याचा विचारसुद्धा करता येणार नाही. सहा स्विचवर ही सवय लावून घेतलेली बरी.

दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही भुजांवर हीटर असतील तर एकाची पॉवर वाढवताना दुसऱ्याची तेवढीच कमी करायची. एकूण उष्णता कायम राहते आणि शेजाऱ्याला काही कळत नाही. वीज जास्त जाते, पण कॅलिब्रेशन टिकतं.

हीटर म्हातारा होतो हेही लक्षात असू द्या. एखाद्याला कधी चुकून जास्त पॉवर गेली असेल तर त्याचा रोध कायमचा बदलतो. महिन्यातून एकदा सगळ्यांचे रोध मोजून वहीत लिहा. दर वेळी त्याच करंटला मोजा, कारण तापलेल्या हीटरचा रोध थंड असतानापेक्षा वेगळा असतो.

खड्डा भरला असेल तर

इथे हीटरशी खेळून काही मिळणार नाही. पहिला संशय पोलरायझेशनवर घ्या, विशेषतः चिपच्या कडेने प्रकाश आत देत असाल तर. एज कपलर दोन्ही पोलरायझेशन आत घेतो. समजा आलेल्या प्रकाशातला फक्त दोन टक्के भाग चुकीच्या पोलरायझेशनचा आहे. त्याला हे कपलर आणि ही भुजा वेगळीच दिसते, तो ठरलेल्या जागी मरत नाही आणि तळ १७ डीबीवर अडकतो. बेरीज मात्र जवळपास जशीच्या तशी दिसते, म्हणून हा आजार पहिल्या चाचणीत सुटून जातो. तपासायचं कसं? स्विच खड्ड्याच्या तळाशी ठेवा आणि पोलरायझेशन कंट्रोलरची पाती हळूहळू फिरवा. तळ खाली जात असेल तर चोर सापडला. कायमचा उपाय म्हणजे पोलरायझेशन राखणारी फायबर, पण तीही जोडताना तिरकी बसली तर उपयोग नाही. तीन अंशांचा तिरकेपणा तुम्हाला २५-२६ डीबीवर अडवतो.

दुसरा संशय भटक्या प्रकाशावर. इनपुटला जो प्रकाश वेव्हगाइडमध्ये शिरला नाही तो सब्स्ट्रेटमधून (चिपच्या तळाच्या सिलिकॉनमधून), आवरणातून फिरत फिरत आउटपुट फायबरपर्यंत येतो. आउटपुट फायबर कपलरवरून वीस-तीस मायक्रोमीटर बाजूला न्या. मीटरवरचा आकडा तळाच्या आसपासच राहिला तर तुम्ही मोजत होता तो स्विचमधून आलेलाच नव्हता. पुढच्या चिपमध्ये इनपुट आणि आउटपुट एका रेषेत समोरासमोर ठेवू नका.

वेगवान स्विचिंगसाठी हीटरऐवजी पी-आय-एन डायोड (भुजेत विद्युत्भारवाहक सोडणारा) वापरत असाल तर खड्डा थोडा भरणारच. १९८७ मध्ये सोरेफ आणि बेनेट यांनी सिलिकॉनमध्ये विद्युत्भारवाहक आणले की अपवर्तनांक किती बदलतो ते मांडलं, पण त्याच मांडणीत हेही आहे की ते वाहक प्रकाश शोषतात. एका भुजेत १ डीबी जास्त शोषला गेला तर दोन्ही लाटा समान उरत नाहीत आणि तळ २५ डीबीच्या आसपास थांबतो. ते बिघाडात मोजू नका.

आणि उरतो कपलर. तो ५०-५० ऐवजी ४६-५४ असा बनून आला असेल तर क्रॉस स्थितीत बार पोर्टवरचा खड्डा २२ डीबीच्या खाली जात नाही. याची खूण अशी की दोन पोर्टपैकी एकाचाच खड्डा भरलेला असतो. दोन्ही कपलर एकसारखेच चुकले असतील, आणि एकाच मास्कवरून शेजारी शेजारी बनल्यामुळे ते बहुधा तसेच चुकतात, तर बार स्थितीत क्रॉस पोर्टचा खड्डा खोलच राहतो.

आमच्या चिपवर पहिल्या स्तंभातला खालचा स्विच असाच आहे. सुई बदलली, करंट सोर्स लावला, मॅट्रिक्स काढला, बाकी पाच स्विच आता दिवसभर २८ च्या खाली येत नाहीत, हा मात्र क्रॉसमध्ये २२ वरच. बनतानाच तसा बनला आहे. पण ४×४ च्या बेनेशमध्ये फायबरच्या जोडण्या चोवीस आहेत आणि स्विचच्या मांडण्या चौसष्ट, त्यामुळे प्रत्येक जोडणी किमान दोन मांडण्यांनी साधता येते. कडेच्या स्तंभातला कोणताही एक स्विच हव्या त्या स्थितीत गोठवला तरी चोवीसच्या चोवीस जोडण्या मिळतात. हे ज्युनिअरने कागदावर करून दाखवलं. तेव्हापासून तो स्विच आम्ही कायम बारमध्ये ठेवतो. त्यासाठी त्याच्या हीटरला दिवसभर २४ मिलिवॅट द्यावे लागतात, ते आम्ही देतो.